मुडद्यांचं कुंकू

आमचे हे ओसरीवर धडधाकट बसून पपई खात होते, आणि आत टीव्हीवर माझं कुंकू पुसलेलं होतं. पुसणारा पोरगा माझ्याच घरात, माझ्याच हातचे पोहे संपवून बसलेला. वर मलाच विचारतो, "आजी, साफसफाई कशी वाटली?"

ही गोष्ट नीट सांगायची तर आधी मी मेले कशी ते सांगावं लागेल.

दिगंबर पाळण्यात होता तेव्हा आम्ही बऱ्हाणपूरजवळ निंबोल्याला राहायचो. मुंबईची एक कंपनी भुताचा पिच्चर काढायला आली आणि आमच्या केळीच्या बागेत तंबू ठोकून बसली. पिच्चरचं नाव 'लाशें चलीं किले की ओर'. नावातच सगळी कथा आली. मुडदे जमिनीतून निघतात आणि असीरगडाकडे चालायला लागतात. किल्ल्यावर त्यांचं काय काम आहे, ते पिच्चर संपेपर्यंत कोणी सांगत नाही. पिच्चर काढणाऱ्या साहेबाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, त्याच्यावर विचार चालू आहे.

कंपनी कडकी होती. मुंबईहून मुडदे आणणं परवडत नव्हतं, म्हणून गावातलेच घ्यायचे ठरले. गडी माणसं लगेच तयार झाली. त्यांना दुपारभर आडवं पडायची सवय होतीच, इथं त्याचं कौतुक होणार होतं. पंचाईत आली ती बायांची. साहेब म्हणाला, केस मोकळे पाहिजेत, पांढरी साडी पाहिजे आणि कपाळ कोरं पाहिजे. म्हणजे नवरा बांधावर उभा राहून बिडी ओढतोय आणि बायको त्याच्यासमोर कोरं कपाळ घेऊन फिरतेय. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पुढं झाले. शाळा मी दुसरीत सोडली, पण बोलायला कोणी शाळेत शिकत नाही. मी म्हटलं, साहेब, मरायला आमची ना नाही, पण मरू तर सवाष्ण मरू. नवऱ्याच्या आधी जी जाते ती भाग्याची. तिला हिरवं लुगडं नेसवतात, हातभर चुडा भरतात, ओटी भरतात, कपाळभर मळवट भरतात. असं करणार असाल तर आम्ही सगळ्या आत्ताच्या आत्ता मरतो. नाहीतर तुमचे मुडदे तुम्ही मुंबईहून आणा.

साहेबानं कपाळाला हात लावला आणि माणूस बाजारात पाठवून कुंकू आणवलं. असे आमचे मुडदे निघाले. गडी चिखलानं माखलेले, आणि त्यांच्या मागून बाया हळदी-कुंकवाला निघाल्यासारख्या. पिच्चर बऱ्हाणपूरच्या टॉकीजला लागला तेव्हा लोक घाबरायचं सोडून पडद्यावर सोयरे ओळखत बसले. भुताच्या पिच्चरला ते काही बरं नाही. पिच्चर उतरला, आम्ही पण विसरलो, पुढं दिगंबर नेपानगरच्या शाळेत मास्तर झाला आणि आम्ही बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात घर केलं.

आता जगात कोणाला कशाचं वेड लागेल सांगता येत नाही. परदेशात म्हणे असल्या जुन्या, हलक्या भुताच्या पिच्चरचे शौकीन आहेत. त्यांच्यासाठी एक कंपनी हे पिच्चर शोधते, धुऊन-पुसून नवे करते, आणि घरी बघायची डिस्क काढते. आमच्या पिच्चरची रिळं मुंबईच्या एका गोदामात ओल खात पडली होती. रंग उडून सगळं लालेलाल झालेलं, वर बुरशी. ती पुसायचं काम हेरंब नावाच्या पोराकडे आलं. एकेक चित्र समोर घ्यायचं, डाग काढायचा, पुढचं घ्यायचं. अशी लाखभर चित्रं असतात म्हणे. घरातली एक खिडकी पुसायची तर आमची सून उषा दिवाळीची वाट बघते. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. ते कौतुक पोहे संपेपर्यंत टिकलं.

हेरंब आला होता तो आमची मुलाखत घ्यायला. डिस्कच्या शेवटी जुने मुडदे आज काय करतात ते दाखवायचं होतं. त्याच्याआधी धुतलेला पिच्चर आम्हाला दाखवतो म्हणाला. मी खिडक्यांवर गोधड्या टाकल्या, जाजम अंथरलं आणि गल्लीला बोलावलं. समोरच्या घरातली मथुराबाई आली. ती पण निंबोल्याची, माझ्या बरोबरीनं मेलेली. तिचा नवरा निंबा वारला आणि ती लेकाकडे शहरात आली. शेजारचे शालिग्राम भाऊ आले. ते एका सरकारी कचेरीतून रिटायर झाले तेव्हापासून फुकट सल्ला देतात. नोकरीत असताना काहीच देत नसत असं ऐकून आहे.

पिच्चर सुरू झाला. केळीची पानं अशी हिरवी, जशी आत्ता पाणी मारलंय. किल्ला दिसला. जमीन हलली, हात वर आले, गडी निघाले. मग आम्ही निघालो. हिरवी लुगडी, हातात चुडे, आणि कपाळं तळहातासारखी कोरी.

मी माझ्या डोळ्यांनी बघत होते, माझं कोरं कपाळ टीव्हीभर झालं होतं. मी हेरंबला विचारलं, की बाबा, इथलं कुंकू कुठं गेलं. तो मोठ्या अभिमानानं सांगायला लागला, की त्या सगळ्या बायांच्या कपाळावर लाल डाग होते, फार हट्टी, मशीननं अर्धेच निघाले, बाकीचे त्यानं महिनाभर हातानं काढले. एवढा शिकलेला पोरगा. बुरशी फक्त बायांच्याच कपाळावर कशी येईल, आणि बाई चालली की बुरशी तिच्याबरोबर कशी चालेल, हे त्याच्या मनात आलं नाही. कुंकू म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, माझ्या आईची टिकली मुगाएवढी असते हो आजी, कपाळभर लावतात हे मला माहीतच नव्हतं.

आणि तेवढ्यात ओसरीवर आमच्या ह्यांना शिंक आली.

ती शिंक सगळ्यांनी ऐकली. नुसती ऐकली नाही, मोजून-मापून मनात ठेवली. एकटी मथुराबाई टीव्हीकडेच बघत बसली होती. मला तिचा रागच आला. माझ्याबरोबर तिचंही पुसलं होतं, निदान तोंडदेखलं तरी हळहळावं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं आमचे हे आपल्या ताब्यात घेतले. त्यांनी शिडीवर चढायचं नाही, मोटारसायकलवर मागे बसायचं नाही, तापीवर अंघोळीला जायचं नाही. केळी थंड असते म्हणून केळी बंद. ज्यानं जन्मभर केळी पिकवली त्याला केळी बंद. मी त्यांना दुपारच्या उन्हात स्वेटर घातला. जो येईल तो ओसरीवर थांबून विचारायचा, भाऊ, कसं वाटतंय. चांगल्या माणसाला इतक्या वेळा असं विचारलं की त्याला खरंच काहीतरी वाटायला लागतं. स्वेटरात घाम आला, घामावर वारं लागलं, आणि साध्या शिंकेची पक्की सर्दी झाली. नाक-डोळे वाहायला लागले. गल्ली म्हणाली, बघा. ह्यांनी मला एकदा हळूच विचारलं, की पुसलं तर तुझं आहे, मग पथ्य मला का. मी म्हटलं, इतकी वर्षं घरात राहून एवढं कळत नसेल तर गप बसून काढा प्या.

हेरंबला मी फोनवर सांगितलं, जसं पुसलंस तसं लाव. तो बिचारा तयार होता. पण पिच्चरचा मालक परदेशात. मालकाचा नियम असा, की जुन्या पिच्चरमधून घाण काढायची, नवं काही घालायचं नाही. तो लाल रंग घाण नव्हती, मुद्दाम लावलेला होता, याचा काही पुरावा पाहिजे. हेरंब म्हणाला, आजी, एखादा कागद मिळेल का.

कागद म्हटल्यावर शालिग्राम भाऊंच्या अंगात आलं. त्यांचं म्हणणं, सरकारी कागदापुढं परदेश पण मान झुकवतो. नवरा तेव्हा जिवंत होता आणि आजही आहे, असा शिक्क्याचा दाखला काढा, म्हणजे कुंकू आपोआप सिद्ध होतं. दिगंबरनं शाळेतून सुटी काढली आणि मला दाखल्याच्या खिडकीवर घेऊन गेला. तिथं मला रांगेत उभं करून तो गाडी लावायला गेला, आणि माझा नंबर लगेच आला. हे असं फक्त नको तेव्हा होतं.

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, कशाचा दाखला. मी सांगितलं, सवाष्ण असल्याचा.

"अम्मा, जनम का बनता है, मौत का बनता है, शादी का बनता है। सुहागन का नहीं बनता।"

मी म्हटलं, मग नवरा जिवंत असल्याचा द्या. त्यानं पेन उघडून विचारलं, नाव. आता मी काही ह्यांचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढ्यावर भागलं. मी बाबूला सांगितलं, की थांबा, मुलगा गाडी लावून येतोय, तो सांगेल. तो म्हणाला, तुम्हाला नवऱ्याचं नाव माहीत नाही का. मी म्हटलं, माहीत आहे, घेत नाही. त्यानं पेन बंद केलं. मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, ज्या नवऱ्याचं नाव बाई सांगू शकत नाही त्याला सरकार जिवंत कसं मानेल. रांग हसली. मी त्या रांगेतल्या अर्ध्या लोकांच्या बारशाला गेलेली बाई.

दिगंबर आला तेव्हा बाबूनं त्याला एक वाट सांगितली. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज करा, आम्ही शोधू, सापडणार नाही, मग 'सापडला नाही' असा शिक्का मारून देऊ. दिगंबर मास्तर आहे, त्याला अर्ज दिसला की भरावासा वाटतो. त्यानं बापाचं नाव लिहिलं, आणि पुढं 'मृत्यूचे कारण' अशी जागा आली तिथं तो विचार करायला लागला. मी अर्ज त्याच्या हातातून घेतला, चार तुकडे केले आणि पदरात बांधले. घरी येऊन ह्यांना पाहिलं तर ते स्वेटरात घामाघूम होऊन बसले होते, आणि शालिग्राम भाऊ त्यांची नाडी बघत होते.

शेवटी हेरंबनंच वाट काढली. म्हणाला, मालक कागदापेक्षा डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवेल. तुम्ही तेव्हासारखा मळवट भरून, हिरवी साडी नेसून, तशाच मेल्यासारख्या पडा. दिगंबरदादाच्या कंप्यूटरला जो कॅमेरा आहे त्याच्यातून मी इथं बसून चित्रं घेतो. रंग पण कळेल आणि रीत पण कळेल.

दिगंबरनं कंप्यूटर स्टुलावर मांडून चालू करून दिला आणि तो शाळेत गेला. दुपारची वेळ. उषानं मधल्या घरात चटई टाकली. मी हिरवं लुगडं नेसले, चुडा भरला, उषानं मला मळवट भरला. सासूला असं सजवायला मिळायची आशा कोणत्याही सुनेला असते, आणि ते इतक्या लवकर आणि चेष्टेत मिळालं म्हणून तिनं कुंकवाची अर्धी डबी माझ्या कपाळावर रिकामी केली. मी दक्षिणेकडे पाय करून पडले. हेरंब कंप्यूटरमधून म्हणाला, डोक्याशी उजेड कमी पडतोय. ह्यांनी देवघरातली समई आणून माझ्या उशाशी ठेवली, आणि वात सरळ राहावी म्हणून तिथंच खाली मान घालून बसले. सर्दीनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलंच होतं. हेरंब म्हणाला, आता पाच मिनिटं बिल्कुल हलू नका, श्वास हळू घ्या. मग कंप्यूटर गप झाला.

आमच्या दाराशी रोज त्याच वेळी भागाबाई भाजीवाली येते. दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं, आत बघितलं, पाटी तिथंच टाकली आणि पळाली. तिच्या मेथीच्या जुड्या ओसरीवर पसरल्या, त्या मागाहून मीच गोळा केल्या. भागाबाई राजपुऱ्यात चालली की तिच्या पुढं बातमी चालते.

आधी पावलं आली. मग बांगड्या. मी डोळे मिटलेले, हेरंबनं हलू नका सांगितलेलं. मला वाटलं, मुलाखत बघायला गल्ली आली असेल. मग कोणीतरी मोठ्यानं हुंदका दिला आणि मला समजलं की मी गेले.

आता मी उठायला पाहिजे होतं, असं दिगंबर म्हणतो. पण आपल्यामागं लोक काय बोलतात, हे ऐकायची संधी किती जणांना मिळते. मी म्हटलं, दोन मिनिटं ऐकून घेऊ. एक जण म्हणाली, भाग्याची गेली, भरल्या कपाळानं गेली. बरं वाटलं. दुसरी म्हणाली, हातचे पुरणाचे मांडे फार चांगले होते. तेही बरोबर. तिसरी म्हणाली, जिभेनं तिखट होती, पण. मी कान टवकारले. पणच्या पुढं काही आलंच नाही. ती तशीच रडायला लागली. त्या पणच्या पुढं काय होतं, हे मी आजपर्यंत तिला विचारते, ती विषय बदलते. मग शालिग्राम भाऊंचा आवाज आला, लाकडं कुठली स्वस्त पडतील ते सांगत होते. आणि ह्यांना मी गेलेली नाही हे पक्कं माहीत असून, लोक पाठीवरून हात फिरवायला लागले तसे ते खरेच हुंदके द्यायला लागले.

उषा मागच्या अंगणात होती. ती धावत आली, आजूबाजूला बघून तिला काय झालंय ते कळलं, आणि ती हसायला लागली. लोक म्हणाले, सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला.

तेवढ्यात कंप्यूटर बोलला. "आजी, फार सुंदर. असंच पडून राहा, हलू नका."

पेटीतून आलेला आवाज मेलेल्या बाईला हलू नका म्हणतोय, हे ऐकल्यावर अर्धी गल्ली ओसरीवर आणि अर्धी रस्त्यावर. एकटी मथुराबाई माझ्या पायाशी बसून राहिली. तिनं माझा अंगठा धरला आणि हळूच म्हणाली, "ऊठ धुरपदे. तुला तेव्हा पण मरता येत नव्हतं, आता काय येणार."

मी उठून बसले. त्याच्यानं जे राहिले होते तेही गेले. संध्याकाळपर्यंत मी दारात उभी राहून जिवंत आहे हे सांगत होते. आमची विहीण सोजरबाई चांदनीला राहते. तिला कोणी फोन केला ते कळलं नाही. ती मिळेल त्या गाडीनं रडत आली, स्टेशनपासून रडत आली, गल्लीत येऊन माझ्याच गळ्यात पडून माझ्यासाठी रडली. मग वर बघितलं. तिला माझ्या जिवंत असण्याचं जे वाईट वाटलं ते तिनं फार चांगलं लपवलं. रात्रीचं जेवण मात्र करून गेली.

पण जे झालं ते कॅमेऱ्यानं सगळं घेतलं होतं. हेरंबनं ते परदेशात पाठवलं. मळवट भरलेली बाई, उशाशी दिवा, बाजूला रडणारा म्हातारा, आणि तिला बघून 'भाग्याची' म्हणून रडणाऱ्या बाया. मालकाला भाषा कळत नव्हती, पण कपाळ कळलं. तो म्हणाला, हा डाग नाही. परत लावा. वर म्हणाला, हे सगळं डिस्कच्या शेवटी टाका, मूळ पिच्चरपेक्षा हे जास्त भीतीदायक आहे.

म्हणजे लढाई जिंकली. मी ओसरीवर बसून हे गल्लीला सांगत होते, तेव्हा शालिग्राम भाऊंनी हळूच एक काडी टाकली. म्हणाले, बाकीच्यांचं ठीक, पण मथुराबाईंचं काय. निंबा तर गेला. तेव्हा लावलं होतं ते पुसलं गेलं. आता लावणार म्हणजे आजच्या तारखेला लावणार. आजच्या तारखेला विधवेच्या कपाळी मळवट, आणि तोही देशोदेशी दाखवायचा, हे शास्त्राला धरून होईल का. दोन-चार जणांनी माना हलवल्या. मी म्हटलं, तो पोरगा लावत नाही, त्यानं जे चुकून नेलं ते परत ठेवतोय. ते म्हणाले, शिवाय पिच्चरमधे निंबा स्वतःच मुडदा आहे. मी म्हटलं, पिच्चरमधे आमचे हे पण मुडदाच आहेत, मग माझं पण कोरं ठेवायचं का. नवरा मेलेला, बायको मेलेली, दोघं सोबत चाललेत. त्यांच्यात विधवा कोण, हे तुमच्या शास्त्रात कुठं लिहिलंय तेवढं दाखवा. शालिग्राम भाऊ म्हणाले, बघून सांगतो. अजून बघतायत.

पण काडी लागली ती लागलीच. दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते तर मथुराबाई मागच्या दारानं आली. समोरच्या घरातली बाई मागच्या दारानं आली की समजावं, बोलायचं वेगळंच आहे. तिनं एक जुडी ओढली आणि निवडायला लागली.

"माझं राहू दे धुरपदे," म्हणाली. "त्या पोराला सांग, माझं कोरंच ठेव. सुनेला कोणी काही बोललं तर काहून उगीच."

मी तिला म्हटलं, की लोकांचं मला सांगू नको, लोक माझ्या मयताला येऊन लाकडांचा भाव करून गेले. आणि त्या दिवशी तरी तुला कुठं वाईट वाटलं होतं, तू तर दगडासारखी टीव्हीकडे बघत बसली होतीस.

तिनं मेथीची दुसरी जुडी ओढली.

"मी कुंकू बघितलंच नाही व माय. मी त्याला बघत होते. त्याचा एकच फोटो आहे घरात, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात पकडून आणल्यासारखा दिसतो. इथं चालतोय. हसतोय."

हसतोय हे खरं होतं. मलाही आठवलं. आम्ही सगळे जमिनीतून निघायचो आणि निंबा हसायचा. साहेब भोंग्यातून ओरडायचा, मुर्दा हसता नहीं. परत आडवं व्हायचं, परत निघायचं, निंबा परत हसायचा. शेवटी साहेबानं नाद सोडला. पिच्चरमधे तो तसाच आहे, सगळे मुडदे गंभीर आणि एक खुशीत.

मी विचारलं, तो एवढा हसत कशाला होता. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मथुराबाई लाजली. एवढ्या वयात बाई लाजली तर आजूबाजूला कोणी नाही ना ते बघावं लागतं. म्हणाली, "माझा मळवट बघून. निघताना कानाशी म्हणायचा, मथुरे, मेल्यावर बरी दिसतेस."

मी मेथी खाली ठेवली. म्हटलं, मग बाई, तुझं कपाळ कोरं ठेवलं तर तो बावळट माणूस कशाला हसतोय ते कोणाला कळेल. देशोदेशी लोक म्हणतील, एक मुडदा येडा होता. निंबाला येडं म्हणवून घ्यायचं आहे का तुला.

तिनं डोळ्यांना पदर लावला, मग म्हणाली की मेथीत फार माती आहे. मी तिच्या देखत हेरंबला फोन लावला आणि सांगितलं, माझं मागाहून लाव, नाही लावलंस तरी मी चालवून घेईन, पण त्या हसणाऱ्या मुडद्याच्या बाजूला जी बाई आहे, तिचं सगळ्यात आधी लाव, आणि हात आखडू नको.

डिस्क आली. वरच्या खोक्यावर कोणा अनोळखी बाईचं चित्र आहे, ती पिच्चरमधे नाहीच. ते जाऊ दे. परत गोधड्या टाकल्या, परत गल्ली बसली, आमचे हे स्वेटर न घालता बसले. केळीतून आम्ही निघालो. कपाळं अशी पेटलेली, की मागचा किल्ला फिका पडला. माझं चांगलंच आलं होतं, पण मी दोन पावलं चालले की केळीचं पान आडवं येतं. मथुराबाईचं मात्र पूर्ण तोंड, टीव्हीभर, आणि बाजूला निंबा तिच्या कपाळाकडे बघून हसतोय. गल्लीत कोणी शास्त्र काढलं नाही. शालिग्राम भाऊंनी तर चष्मा पुसला.

आता झालंय असं, की मथुराबाईच्या घरी डिस्क लावायचं मशीन नाही. रोज दुपारी भांडी झाली की ती येते. चहा मला करावा लागतो, साखर ती जास्त घेते. मी मशीन लावते. जमीन हलते, गडी निघतात, आम्ही निघतो, निंबा हसतो. ती तेवढं बघते. त्याच्या पुढं हिरो मशाल घेऊन येतो आणि सगळ्या मुडद्यांना जाळून टाकतो, निंबाला सगळ्यात आधी. मी रिमोट हातातच धरून बसलेली असते. हिरो झाडामागून निघायच्या आत बंद करते आणि मथुराबाईला म्हणते, चल, आजच्यापुरते सगळे किल्ल्याकडे निघाले, आता तुझ्या घरी जा.